गिफ्ट पॅक करू का?

शनिवार, रात्री पावणेबारा

वॉरहॅमरची पेटी अजून गिफ्ट पेपरमध्येच आहे. बोटाएवढे प्लास्टिकचे सैनिक जोडायचे, रंगवायचे आणि टेबलावर लढवायचे, असा तो खेळ. निळा चकचकीत कागद, त्यावर फुगे आणि रॉकेटं, कोपऱ्यात सोनेरी फितीचं फूल. कपाटाच्या खालच्या कप्प्यात, साड्यांच्या पिशव्यांमागे ठेवलीये. मागे का ठेवली ते सांगता येत नाहीये. घरात कुणी बोलणारं नाही. प्रसादला तर मीच एप्रिलपासून ऐकवत होते, या वर्षी घेणार म्हणजे घेणार. आईंना विचारलं असतं तर म्हणाल्या असत्या, घे की, पैसे तुझे आहेत. मग ही लपवाछपवी कुणापासून?

झालं ते एवढंसं. डेक्कनच्या त्या दुकानात काउंटरवरच्या मुलाने फळीवरून पेटी खाली काढली आणि बिल करता करता विचारलं, "मुलासाठी का काकू?"

मी म्हटलं, "हो."

"केवढा आहे?"

"अकरा."

"मग हरकत नाही. यावर बारा लिहिलंय, पण हुशार मुलं आधीच सुरू करतात. गिफ्ट पॅक करू का?"

करा म्हटलं.

अकरा कुठून आलं ते मला माहीत आहे. प्रसादलाही न सांगता कळेल. ते इथे लिहायचं नाहीये. लिहायचंय त्या "हो"बद्दल, कारण तो अकराच्या आधी आला. मागे रांग नव्हती, कुणी घाई करत नव्हतं, मुलगा वागायला गोड होता. "नाही, माझ्यासाठी." दोन शब्द आहेत. ते तोंडातून निघाले नाहीत. येताना पेटी गाडीवर पायांपाशी उभी धरली होती आणि झेड ब्रिज संपेपर्यंत मी हेल्मेटच्या आत ते दोन शब्द मोठ्याने म्हणत होते.

त्याने मला सगळं समजावून सांगितलं, आणि मी पहिल्यांदाच ऐकतेय अशी मान हलवत राहिले. काकू, यात दोन आर्मी येतात. हे चिलखतवाले स्टॉर्मकास्ट आणि हे उंदीर, स्केव्हन. मला माहीत होतं. ही चौथी आवृत्ती २०२४ ला आली, पहिला वॉरहॅमर १९८३ चा, कंपनी इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमची, खेळातलं जुनं जग त्यांनी स्वतःच बुडवलं आणि २०१५ मध्ये सिग्मार नावाच्या देवाचं हे नवं युग सुरू केलं, सगळं माहीत होतं. मागच्या पावसाळ्यापासून झोप येत नाही तेव्हा मी हेच तर वाचते. लोक बोटाएवढ्या सैनिकांच्या डोळ्यांत बुबुळं रंगवतात ते बघत पडते. जिभेच्या टोकावर सगळं होतं, आणि मी "अस्सं" म्हणत राहिले.

मग तो म्हणाला, "भाग चौकटीतून कापायला मुलाला नेलकटर द्या, सुरुवातीला चालतं." त्या चौकटीला स्प्रू म्हणतात. दातांच्या लॅबमध्ये मी एकोणीस वर्षं स्प्रू कापतेय. दाताच्या मेणाच्या साच्याला आम्ही मेणाची कांडी जोडतो, मेण जळून गेलं की तिच्याच वाटेने वितळलेला धातू आत उतरतो, आणि थंड झाल्यावर ती कांडी डिस्कने उडवावी लागते. नाव तेच, तत्त्व तेच, इथे फक्त प्लास्टिक. आणि नेलकटरची धार वाकडी असते, तिने कापलं तर सैनिकाच्या खांद्यावर खड्डा पडेल. मी एवढं तरी बोलायला हवं होतं. "बरं" म्हणाले.

हे सगळ्यात जास्त लागलंय. पैशांबद्दल खोटं बोलले असते तर समजू शकले असते, साडेसहा हजार काही थोडे नाहीत. पण मी माझं कामच नाकारलं. काल-परवाच डॉक्टरांनी निरोप पाठवला होता की समोरच्या दोन दातांचा क्राऊन इतका जमलाय की पेशंटला आरशात आपला कुठला ते ओळखू येईना. आमचं असंच असतं. काम चांगलं झालं की ते दिसत नाही, हीच त्याची परीक्षा. सोळा शेड्सची पट्टी दाताशी धरायची, ए२ आहे की ए३ आहे ते ठरवायचं, पोर्सिलेनचे थर चढवायचे, आणि मग ते कुणाच्या तरी तोंडात कायमचं जायचं. मला एक काहीतरी असं करायचं होतं जे फळीवर उभं राहील आणि मी येता-जाता बघेन. एवढीच इच्छा होती. ती काउंटरवर मी अकरा वर्षांच्या मुलाच्या नावावर करून टाकली.

लहानपणी किल्ला दादाचा असायचा. म्हणजे माती मी पण कालवायचे, पोतं भिजवून दगडांवर मीच पसरायचे, अळीव पेरणं तर पूर्ण माझ्याकडे. चार दिवसांत हिरवं उगवलं की शेजारचे बघून जायचे. पण कसब्यातल्या कुंभारवाड्यातून मावळे आणले की ते मांडायचे दादाने. महाराज सिंहासनावर, तोफा बुरुजावर, गुहेत वाघ. मला एक वर्षी हात तुटलेला मावळा मिळाला, "हा तू घे" म्हणून. मी काडीपेटीची काडी घेतली, मेणबत्तीचं मेण ओघळवून हात बसवला, वर काजळ लावून बाहीची रेघ ओढली. दादाने पाहिला, काही बोलला नाही, महादरवाजात नेऊन उभा केला. दिवाळीभर मी दरवाजापाशीच घुटमळत होते.

आज दादाला फोन करावासा वाटला. केला नाही.

आणि आत्ता हे लिहिताना उगाच कोथरूडचं जोशींचं मिनिएचर रेल्वे म्युझियम आठवतंय. १९९८ ला सुरू झालं. एका पुणेकर माणसाने हौसेपोटी रूळ, सिग्नल, पूल, अंधार केल्यावर उजळणारं गाव, सगळं उभं केलं. लोक तिकीट काढून जातात आणि कौतुकाने गप्प होतात. त्यांना आयुष्यात कुणी विचारलं असेल का, नातवासाठी का हो काका? विचारलं असेलही. पण त्यांनी हो म्हटलं नसणार.

निघताना तो म्हणाला होता, "रविवारी संध्याकाळी वर टेबलं लावतो आम्ही, नवीन मुलांना शिकवतो. पाठवा त्याला." म्हणजे मी एका शब्दात ते टेबलही घालवलं. घरी कुणाशी खेळणार मी? पेटीत दोन फौजा आहेत.

एक वाजला. झोपते.


रविवार, दुपारी

सकाळी चहाच्या वेळी प्रसादला सांगितलं. पेटी आणून समोर ठेवली. तो फुगे-रॉकेटांकडे बघत राहिला आणि म्हणाला, "वाढदिवस कुणाचा?" मी सगळं जसंच्या तसं सांगितलं, "अकरा" पण. त्यावर तो उठला, गॅसपाशी गेला आणि चहा झालेला असताना पुन्हा आधण ठेवलं. मीही काही बोलले नाही. दोघांनी दोन-दोन कप प्यायले.

मग त्यानेच म्हटलं, "उघड ना."

कागद फाडवेना. लॅबमधून घरी आणलेल्या वॅक्स नाइफने चिकटपट्ट्या एकेक करून सोडवल्या. कागद घडी करून ठेवलाय, चांगला आहे. आत चौकटींवर चौकटी, आणि त्यांत जागोजागी हात, ढाली, शेपट्या, चेहरे. काल दुकानात ही पेटी हातात घेऊन धड बघितलीही नव्हती मी. आज डायनिंग टेबलावर सगळं पसरलं. टेप घेऊन टेबलही मोजलं. स्पिअरहेड म्हणून यातलाच छोटा खेळ आहे, चार फेऱ्यांचा, तासाभरात संपणारा, त्याला ३० बाय २२ इंच जागा लागते. आमचं टेबल त्याला पुरून उरतं, फक्त आईंची औषधांची टोपली हलवावी लागेल.

सुरुवात उंदरापासून केली. स्टॉर्मकास्टला हात लावायचं धाडस अजून नाही. त्यांची गोष्ट मी पहिल्यांदा वाचली ती रात्र लक्षात आहे. लढता लढता मरणाऱ्या शूर माणसाला सिग्मार त्याच क्षणी विजेत उचलून वर नेतो आणि ऐरणीवर पुन्हा घडवतो. तो पुन्हा मरतो, पुन्हा घडतो. पण दर खेपेला त्यातलं थोडं माणूसपण कमी होतं, जुन्या आठवणी गळत जातात. लढाई जिंकतात, घर कुठलं ते आठवत नाही. खेळण्याच्या कंपनीने हे का लिहावं मला कळलं नाही, पण त्या रात्री मी फोन बाजूला ठेवून बराच वेळ पंख्याकडे बघत पडले होते. त्यांना नंतर, सावकाश.

क्लॅनरॅट म्हणजे त्यांचा साधा शिपाई. खाली २५ मिलिमीटरची गोल बैठक. निप्परने चौकटीपासून जरा लांब कापलं, मग राहिलेला कोंब कार्व्हरने, म्हणजे लॅबमधल्या मेण कोरायच्या हत्याराने, खरवडला. साच्याचे दोन भाग जिथे मिळतात तिथे एक बारीक रेघ राहते, ती पाठीवरून थेट शेपटीपर्यंत जात होती. तीही काढली, कार्व्हर आडवा धरून, दाब न देता, मेणावर फिरवतो तसा. प्लास्टिकचा पांढरट भुगा बोटांना लागला. गोंद लागत नाही याला, खुंटी भोकात बसवून दाबायची. टक् असा आवाज आला आणि धडाला पाठ मिळाली. प्रसाद वर्तमानपत्र खाली ठेवून बघत होता. "मी एक करू?" म्हणाला. त्याला ढाली कापायला दिल्या.

आई पूजा आटपून आल्या, चष्मा लावून बराच वेळ निरखत होत्या. "गणपतीचा उंदीर का हा? याच्या हातात तलवार कशाला दिलीस?" मी म्हटलं, हे वेगळे, जमिनीखाली राहतात. "सगळेच राहतात," म्हणाल्या आणि औषधांची टोपली स्वतःच उचलून खिडकीत ठेवली.

कालचा तो "हो" अजून गेलेला नाही. सकाळपासून दर अर्ध्या तासाने येतोय. पण आता नीट बघता येतंय त्याच्याकडे. काल वाटत होतं की मी भित्री आहे, बेचाळिसाव्या वर्षीही परवानगी मागणारी. आज कापता कापता वाटलं, "मुलासाठी" म्हणाले तेव्हा एक क्षण मला बरंही वाटलं होतं. खूप बरं वाटलं होतं. ती पेटी घेऊन कुणाकडे तरी जायचंय, असं. म्हणूनच गिफ्ट पॅकलाही हो म्हणाले असेन. त्या मुलाला काय कळणार, आणि कळायची गरज काय. ते माझं मी घेऊन आले, साडेसहा हजारांत तेही आलं असं धरायचं.

रंग अजून आठवडाभर तरी नाही. या दमट हवेत स्प्रे प्रायमर मारला की पावडरीसारखी खर येते, नाक-डोळे बुजून जातात. ब्रशने लावायचा प्रायमर आणावा लागेल. म्हणजे त्याच दुकानात. प्रसाद म्हणाला, "पुढच्या रविवारीच जा. संध्याकाळी. टेबलं लागलेली असतील."

"आणि सांगू काय?"

"सांग, मुलगा नाही आला, मीच आले."

सहज म्हणाला तो. म्हणून झाल्यावर त्याचा निप्पर थांबला. माझ्या हातात उंदराचं डोकं होतं, दाढेएवढंही नाही. ते मी धडावर बसवून दाबून धरलं. नुसतं दाबलं तरी बसतं, इतका वेळ धरायची गरज नव्हती.

मग त्याने पुढची ढाल कापायला घेतली.

जाईन बहुतेक. तेच वाक्य सांगेन का माहीत नाही, पण जाईन. आणि नेलकटरचंही सांगेन, कारण तिथे येणाऱ्या मुलांचे सैनिक खराब होत असतील.

आत्ता समोर सात उंदीर उभे आहेत. आई झोपल्यात, प्रसाद टपरीवर गेलाय. भिंग लावून पहिल्याचं तोंड बघतेय. ओठ मागे ओढलेला आहे आणि समोरचे दोन दात अगदी स्पष्ट आहेत, कुणीतरी मन लावून कोरलेत. उंदराचे पुढचे दात पांढरे नसतात, इनॅमलमध्ये लोह असतं त्यांच्या, म्हणून पिवळट-केशरी दिसतात. हे इथे कुणाला माहीत असो नसो, मला माहीत आहे. बॅगेतून शेड पट्टी काढून शेजारी धरली. ए३ फिका पडतोय. ए४ जवळ जातो, पण मुळाशी आणखी गडद लागेल, आणि टोकाला थोडं केशरी. तेवढं मिसळून करावं लागेल.