मामा हा माझा मामाच आहे याचा पुरावा

जपानला जाऊन जपानी शिकायचंय, स्टुडंट व्हिसाचं कसं करायचं, असं हल्ली इतक्या जणांनी विचारलंय की दरवेळी व्हॉट्सॲपवर तेच तेच टाइप करण्यापेक्षा एकदा इथे लिहून टाकते, पुढच्याला सरळ लिंक पाठवता येईल. तर पहिलं म्हणजे सगळे जण व्हिसा व्हिसा करत असतात पण व्हिसा हा या सगळ्या प्रकरणातला सगळ्यात सोपा भाग आहे. वकिलातीच्या कामासाठी पासपोर्ट जमा करायचा आणि स्टिकर लावून परत घ्यायचा, हे अगदी शेवटी येतं, आणि तोपर्यंत खरा निकाल कधीच लागून गेलेला असतो. खरी परीक्षा सीओईची. सर्टिफिकेट ऑफ एलिजिबिलिटी, जे जपानचं इमिग्रेशन खातं देतं, आणि गंमत म्हणजे त्याचा अर्ज आपण भरायला जात नाही, तिथली शाळा आपल्या वतीने करते. आपण घरी बसून कागद गोळा करायचे, शाळेला पाठवायचे, शाळा ते तपासून तपासून आपला जीव काढणार, मग ती फाइल इमिग्रेशनला जाणार. जो माणूस आपलं हो की नाही ठरवणार त्याला आपण कधी भेटणार नाही, त्याच्यासमोर आपण म्हणजे फक्त तो कागदांचा गठ्ठा.

हे एकदा डोक्यात बसलं की बाकीच्या सगळ्या कटकटी का आहेत ते कळतं. त्याला तीनच गोष्टी बघायच्या असतात, ही खरंच शिकायला येतेय का, पैसे कोण देणार आणि शिकून झाल्यावर पुढे काय. आणि या तिन्हींची उत्तरं सगळ्या कागदांवर एकच निघाली पाहिजेत.

वेळेचं आधी सांगते कारण बहुतेक जण इथेच गळतात. लँग्वेज स्कूलचे प्रवेश एप्रिल, जुलै, ऑक्टोबर आणि जानेवारी असे असतात, त्यातले एप्रिल आणि ऑक्टोबर मोठे. कोर्स साधारण मार्चमध्ये संपतात त्यामुळे एप्रिलला गेलात तर 2 वर्षं मिळतात, ऑक्टोबरला गेलात तर दीड, आणि लँग्वेज स्कूलमध्ये 2 वर्षांच्या वर राहता येत नाही. एप्रिलला जायचं तर आदल्या वर्षीच्या सप्टेंबर ते नोव्हेंबरमध्ये कागद शाळेकडे हवेत, सीओईचा निकाल फेब्रुवारीच्या शेवटी वगैरे. ऑक्टोबरसाठी मार्च ते मे, निकाल ऑगस्टच्या शेवटाकडे. चांगल्या शाळांच्या जागा त्याच्याही आधी भरतात. म्हणजे जानेवारीत उठून "मला येत्या एप्रिलला जायचंय" म्हणणाऱ्यांनी शांतपणे ऑक्टोबरचं बघावं.

जपानी अजिबात येत नसताना अर्ज करता येत नाही हेही कित्येकांना माहीत नसतं. निदान 150 तास शिकल्याचं सर्टिफिकेट किंवा जेएलपीटी एन5 सारख्या परीक्षेचा निकाल मागतात (जेएलपीटी म्हणजे जपानी भाषेची परीक्षा, एन5 सगळ्यात सोपी पातळी, एन1 सगळ्यात अवघड). जेएलपीटी जुलै आणि डिसेंबरमध्ये होते, आता डिसेंबरच्या परीक्षेचा निकाल जानेवारीत लागतो म्हणजे तो एप्रिलच्या प्रवेशाला उपयोगाचा नाही, त्यासाठी जुलैचीच परीक्षा द्यावी लागते. आणि माझं स्पष्ट मत आहे की नुसतं तासांचं सर्टिफिकेट असण्यापेक्षा एन5 असलेलं कधीही बरं, जमलं तर एन4. तासांचं सर्टिफिकेट कोणीही देतो हे त्यांनाही माहितीये.

शाळा निवडताना वेबसाइटवरचे चेरी ब्लॉसमचे फोटो बघू नका. स्टुडंट दर्जा प्रत्येक क्लासला मिळत नाही, आठवड्याला निदान 20 तास शिकवणाऱ्या (तास म्हणजे 45 मिनिटांचे) आणि सरकारने मान्य केलेल्या शाळेलाच मिळतो, वीकेंड बॅचवर व्हिसा ही कल्पना विसरा. 2024 च्या एप्रिलपासून नवीन कायदा आलाय ज्यात शाळांना जपानच्या शिक्षण मंत्रालयाची मान्यता घ्यावी लागते, आधीच्या पद्धतीने मान्य असलेल्या शाळांना त्यासाठी 5 वर्षांची मुदत दिलीये. तर शाळेला मेलवर सरळ विचारा, तुमची मान्यता कुठल्या पद्धतीची आहे, नव्या मान्यतेचं कुठवर आलंय. जी शाळा याचं सरळ उत्तर देत नाही तिचं नाव खोडा. दुसरा प्रश्न असा विचारा की तुमची मुलं पुढे कुठे जातात, युनिव्हर्सिटीत की सेन्मोन गाक्कोला (हे म्हणजे तिथले व्यवसाय शिकवणारे कॉलेज) की नोकरीला. काही शाळा ईजेयूची, म्हणजे परदेशी मुलांसाठीच्या युनिव्हर्सिटी प्रवेशपरीक्षेची तयारी करून घेतात, ती जून आणि नोव्हेंबरमध्ये असते, ज्यांना पुढे डिग्री करायचीये त्यांनी हे बघायलाच हवं. तोक्योत ताकादानोबाबा, शिन-ओकुबो त्या भागात शाळाच शाळा आहेत पण तिथलं घरभाडं ऐकून घ्या आधी. फी वर्षाला साधारण सात-आठ लाख येन, वर अर्जाची वीस-तीस हजार येन फी वेगळी, आणि सीओई नाकारलं तरी ती अर्जाची फी परत मिळत नाही.

आता मामा.

माझा खर्च मामा करणार होता. बाबा रिटायर झालेले, मामाचा व्यवसाय चांगला चाललेला, आणि त्याने स्वतःहून सांगितलेलं की मी बघतो. आपल्याकडे यात काही विशेष नाही, भाचीचं मामाने केलं तर कोणी का म्हणून विचारत नाही. तिकडे विचारतात. पहिला प्रश्न, हे गृहस्थ तुमचे कोण. मी लिहिलं आईचा भाऊ. दुसरा प्रश्न, पुरावा. आणि मग घरात सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसले, कारण मामा हा मामा आहे याचा एक असा कागद आपल्याकडे नसतोच की हो! माझ्या जन्मदाखल्यावर आईचं सासरचं नाव, मामाच्या पासपोर्टवर त्याचं आडनाव, आणि या दोघांना जोडणारा दुवा म्हणजे आईचं माहेरचं नाव, जे लग्नानंतर सगळीकडून गायब झालेलं. शेवटी आईचा शाळा सोडल्याचा दाखला निघाला ज्यावर आजोबांचं नाव होतं, मामाचा तसाच दाखला, आईचं मॅरेज सर्टिफिकेट ज्यावर लग्नाआधीचं नाव होतं, आणि माझा जन्मदाखला. चार कागद एका ओळीत लावले की मामा सिद्ध होतो. वर एक ॲफिडेव्हिट आणि एक आख्खं पान पत्र, मामाच्या सहीचं, की बाबा रिटायर आहेत, मला भाचीच्या शिक्षणाचा खर्च करायचाय, दर महिन्याला इतके येन असे असे पाठवीन.

त्या वेळी मला शाळेचा फार राग आलेला पण नंतर कारण कळलं. जपानमध्ये कोसेकी नावाचं कुटुंबाचं सरकारी रजिस्टर असतं, जन्म, लग्न, दत्तक, मृत्यू सगळ्याची नोंद त्यात, त्यामुळे नातं दाखवायचं म्हणजे त्याची नक्कल काढायची, विषय संपला. त्या अधिकाऱ्याला ती सवय आहे आणि आपण त्याला चार वेगवेगळ्या ऑफिसांचे, चार वेगवेगळ्या स्पेलिंगांचे कागद पाठवतो. म्हणून सांगते, जमत असेल तर आईवडिलांपैकीच कोणाला तरी स्पॉन्सर करा, दोघं मिळूनही चालतात. काका-मामा आणायचे तर आईवडील का नाहीत याचं उत्तर पत्रात आधीच लिहा, त्यांनी विचारायची वाट बघू नका.

स्पेलिंगचा विषय निघालाच आहे तर, आपल्या मधल्या नावाने फार गोंधळ होतो. पासपोर्टवर स्वतःच्या नावापुढे वडिलांचं नाव, मार्कशीटवर आडनाव आधी, बँकेत फक्त इनिशियल. तिकडच्या माणसाला ही तीन वेगळी माणसं वाटू शकतात. सगळं पासपोर्टप्रमाणे करा, जे बदलता येत नाही त्यासाठी एक कागद जोडा की ही सगळी नावं एकाच व्यक्तीची. आणि जपानी नसलेल्या प्रत्येक कागदाचं जपानी भाषांतर लागतं, काही शाळा इंग्रजी कागदांचं स्वतः करून देतात, मराठीतल्या दाखल्यांचं आपल्यालाच बघावं लागतं.

बँकेचं तर अजून निराळं. शेवटच्या आठवड्यात कुठून तरी पैसे आणून खात्यात टाकले आणि बॅलन्स सर्टिफिकेट काढलं, हे चालत नाही बरं का. ते पैसे कसे साठले हेही बघतात, बहुतेक वेळा मागच्या तीन वर्षांचं उत्पन्न, भरलेला टॅक्स आणि खात्यातले व्यवहार. एफडी मोडून पैसे आले असतील तर एफडी मोडल्याची पावती जोडा, जमीन विकली असेल तर तो कागद जोडा. अजून एक बारीक गोष्ट, जपानमध्ये उत्पन्नाचं वर्ष जानेवारी ते डिसेंबर धरतात आणि आपलं एप्रिल ते मार्च, त्यामुळे फॉर्मवर लिहिलेलं वर्ष आणि आयटी रिटर्नवरचं वर्ष यात घोळ दिसतो. आमच्या सीएने एका छोट्या टेबलात कुठलं वर्ष कधी ते कधी ते लिहून दिलं, त्यावर परत प्रश्न आला नाही. आणि "तिथे पार्ट टाइम करून फी भरीन" असं चुकूनही कुठे लिहू नका. काम करता येतं, पण ते धरून मांडलेला हिशोब म्हणजे तुमच्याकडे पैसे नाहीत असंच ते वाचतात.

का शिकायचंय याचं जे पत्र असतं त्यावर माझा सगळ्यात जास्त वेळ गेला. लोक त्यात लहानपणापासून ॲनिमे बघते आणि जपानी लोक किती शिस्तीचे असं भरभरून लिहितात. ॲनिमे आवडणं गुन्हा नाही, मलाही आवडतं, पण त्या अधिकाऱ्याने ते वाक्य किती वेळा वाचलं असेल याचा विचार करा. त्याला हवं असतं की इतकी वर्षं हे शिकलीस, ही नोकरी केलीस, मग आता जपानी का, इथेच राहून का नाही शिकत, आणि झाल्यावर काय. माझं शिक्षण मेकॅनिकलचं, ऑफिसमध्ये जपानी क्लायंटची ड्रॉइंग यायची आणि कोपऱ्यातल्या टिपा कोणालाच वाचता यायच्या नाहीत, मग त्यांचा फोटो काढून मोबाइलवर ट्रान्सलेट करायचे आणि सरफेस फिनिशच्या जागी काहीतरी भलतंच यायचं. मी तेच लिहिलं. कुठली भाषांतरं चुकायची, त्याने कामाचं काय व्हायचं, एन2 पर्यंत पोचून परत याच क्षेत्रात काम करायचंय. शिक्षण संपून पाच-सहा वर्षं झाली असतील तर मधल्या काळाचाही हिशोब द्या, रिकामा काळ दिसला की शंका येते. आणि हो, पूर्वी कधी सीओईसाठी अर्ज केला असेल, नाकारला गेला असेल, तर फॉर्ममध्ये तसं विचारतात, लपवू नका, जुनी फाइल त्यांच्याकडे असते.

एजंटचं विचारतात लोक. माझं मत फार चांगलं नाही. एकाकडे मी गेले होते, त्याने सगळ्यांना देतो तेच पत्र मलाही दिलं, फक्त नाव बदलून, आणि वर सांगतो बँकेचं आम्ही मॅनेज करतो. मी तिथूनच परत आले. खोटा कागद सापडला तर तुमचं पुढचंही सगळं अडकतं, एजंट मोकळा. शाळेला थेट मेल करा, बऱ्याच शाळा इंग्रजीत उत्तर देतात आणि व्हिडिओ कॉलवर मुलाखतही घेतात, माझ्या शाळेने मामालाही दोन प्रश्न विचारले होते आणि तो माझ्यापेक्षा जास्त घाबरला होता.

नाही आलं सीओई तर? कारण विचारता येतं, शाळेचा माणूस इमिग्रेशनमध्ये जाऊन विचारून येतो, त्याला नक्की पाठवा, कारण ते कारण दुरुस्त न करता तीच फाइल परत टाकली तर तेच उत्तर येणार.

आलं की मात्र सगळं भराभर होतं. शाळेची फी भरायची, मग सीओई हातात येतं, 2023 पासून ते ईमेलवरही मिळतं. त्यावरच्या तारखेपासून 3 महिन्यांत जपानमध्ये पोचायचं, ही मुदत आपल्याला ते मिळाल्यापासून नाही तर ते दिल्यापासून मोजतात. मग पासपोर्ट, व्हिसा फॉर्म, फोटो, सीओई, ॲडमिशन लेटर घेऊन व्हिसाचा अर्ज. फोटोवाल्याला नुसतं पासपोर्ट साइझ सांगू नका, सीओईच्या अर्जाला 4 बाय 3 सेंटीमीटरचा लागतो आणि व्हिसा फॉर्मवरचा वेगळ्या मापाचा, दोन्ही मापं लिहूनच न्या. तिकीट व्हिसा हातात आल्यावर.

नारिता, हानेदा, कान्साई अशा मोठ्या विमानतळांवर उतरलात तर तिथेच रेसिडेन्स कार्ड (जपानमध्ये राहायचं ओळखपत्र) मिळतं. त्याच काउंटरवर पार्ट टाइम कामाच्या परवानगीचा फॉर्मही देता येतो, तो विमानातच भरून ठेवा, नाहीतर नंतर इमिग्रेशन ऑफिसच्या रांगेत उभं राहावं लागतं. परवानगी आठवड्याला 28 तासांची, सगळ्या नोकऱ्या मिळून, शाळेच्या मोठ्या सुट्टीत दिवसाला 8 तासांपर्यंत. पाचिंको पार्लरमध्ये (म्हणजे तिथले जुगाराच्या मशीनचे अड्डे) काम चालत नाही, अगदी साफसफाईचंसुद्धा. घर मिळालं की 14 दिवसांत वॉर्ड ऑफिसला जाऊन कार्डच्या मागे पत्ता लिहून घ्यायचा आणि तिथेच आरोग्य विम्याचंही करायचं.

आणि शाळेची हजेरी सांभाळा. तिथे राहायची मुदत वाढवायच्या वेळी इमिग्रेशन हजेरी बघतं, 80 टक्क्यांच्या खाली गेलात तर खुलासे द्यावे लागतात, म्हणून आजारी पडून घरी राहिलात तरी डॉक्टरकडे जाऊन या आणि त्याची पावती जपून ठेवा.