अमळनेरच्या छापखान्यातली मागची खोली

खान्देशात जायचं तर डिसेंबरात जावं. कपाशीच्या पऱ्हाट्यांवर भाजलेल्या वांग्यांचं भरीत आणि कळण्याच्या पुऱ्या एकदा शेतात बसून खाल्ल्या की हॉटेलातलं भरीत नकोसं होतं. मैत्रिणीच्या सासरी ताट रिकामं होऊच देत नव्हते. हा आग्रह काहींना जाचतो, मला मनापासून आवडतो.

जळगाव आणि आसोदा मी बहिणाबाईंसाठी पाहिलं. आसोदा त्यांचं माहेर, जळगाव सासर. लिहिता-वाचता न येणाऱ्या या बाईची गाणी मुलानं, सोपानदेवांनी, जपली आणि 1952 साली त्यांचं पुस्तक निघालं. त्या 1951च्या डिसेंबरात वारल्या होत्या. त्यांचं छापखान्यावरही एक गाणं आहे. कोरा कागद छापून शहाणा होतो, माणूस मात्र वेडाजाणाच राहतो, असं त्या म्हणतात. चौधरी वाड्याच्या गल्लीतून चालताना तेच गाणं डोक्यात होतं.

दुसऱ्या दिवशी मैत्रिणीच्या पुतणीच्या लग्नपत्रिका आणायला अमळनेरला गेलो. पुढच्या खोलीत कॉम्प्युटर, पत्रिकांच्या नमुन्यांचे अल्बम आणि मालक. मागून खसखस आवाज येत होता. मागे कोण काम करतं, असं मी विचारलं. "कोणी नाही, बायका आहेत," मालक म्हणाले.

ते वाक्य मला फार लागलं. मी सरळ आत गेले.

चौघी जणी गोणपाटावर बसल्या होत्या. दोघी पाकिटांवर गणपती चिकटवत होत्या, एक पावती-पुस्तकांना खळ लावत होती. चौथ्या, वयानं मोठ्या मावशी एका कवितासंग्रहाचे फर्मे, म्हणजे छापलेले मोठे कागद, दुमडत होत्या. एका मोठ्या कागदाला तीन घड्या पडल्या की सोळा पानं होतात. घडी केसभर सरकली तर समास वाकडा होतो, उलटी पडली तर पानांचा क्रमच बिघडतो. मावशी कडेच्या खुणा जुळवून अंगठ्यानं घडी दाबायच्या, मग लाकडी पट्टी फिरवायच्या. फर्मे क्रमानं लावताना त्या फक्त तळाचा आकडा बघत. आकडे येतात, अक्षरं फारशी येत नाहीत, असं त्यांनीच सांगितलं. तरी एका फर्म्यात शाई पुसट उठलेली त्यांनी बाजूला काढली. पुढच्या खोलीत कुणाच्याच ते लक्षात आलं नव्हतं.

पुस्तकात तुमचं नाव असतं का, असं मी विचारलं. त्या हसल्या. "आमनं नाव कोन टाकी वो माय?"

1867च्या कायद्यानं छापलेल्या पुस्तकावर मुद्रकाचं नाव आणि छपाईचं ठिकाण देणं सक्तीचं केलं. सरकारला आक्षेपार्ह मजकुरासाठी धरायला माणूस हवा होता. म्हणून दीडशे वर्षांच्या मराठी पुस्तकांवर छापखान्याच्या मालकाचं नाव सापडतं. खिळे, म्हणजे धातूची सुटी अक्षरं, कुणी जुळवले, घड्या कुणी घातल्या, शिवण कुणी घातली, हे कायद्यानं विचारलंच नाही. मग छपाईचा इतिहास लिहिणाऱ्यांनी त्या ओळीतली नावं उचलली आणि बायका छापखान्यात नव्हत्याच, असं आपण धरून चाललो.

त्या होत्या. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये छापखाना घातला. तिथं खिळे जुळवण्यापासून बांधणीपर्यंतची कामं आश्रमातल्या मुली आणि विधवा करत. रमाबाईंनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून केलेलं बायबलचं मराठी भाषांतर तिथंच छापलं गेलं, त्यांच्या मृत्यूनंतर, 1924 साली. 'दीनबंधु' या वृत्तपत्राचं संपादन पतीच्या मागे तानुबाई बिर्जे यांनी सांभाळलं. ब्रिटनमधल्या मोनोटाइप या छपाईचे टाइप, म्हणजे अक्षरवळणं, बनवणाऱ्या कंपनीच्या कारखान्यात अक्षरांची मोठी रेखाटनं करायला बायका बसत. श्रेय जाई ते ज्या पुरुषाच्या नावानं टाइप निघे त्याला. पुढं 1980च्या दशकात ब्रिटनच्याच लायनोटाइप या तशाच कंपनीत फिओना रॉस यांच्या देखरेखीखाली बहुतेक बायकांच्याच चमूनं भारतीय लिपींच्या टाइपांवर काम केलं. देवनागरी अक्षराच्या घडणीत बायकांचा हात आहे. मराठी शाळेत हे कुणी शिकवलं तर मला फार बरं वाटेल.

मी मालकांना म्हटलं, मुद्रकाखाली 'बांधणी' म्हणून एक ओळ घाला.

"असं कुठं असतं का ताई? कवीनं हो म्हटलं तर घालू."

कवीचा नंबर मागून घेतला आणि तिथूनच फोन लावला. भला माणूस. श्रेयनामावलीचा फर्मा अजून छापायचा होता. त्यांनी लगेच होकार दिला आणि विचारलं, पूर्ण नावं काय?

मालकांना ती सांगता येईनात. मावशींना ते वीस वर्षं 'मावशी'च म्हणत होते. मैत्रीण पत्रिकांचे गठ्ठे रिक्षात चढवत होती. मी पुन्हा आत गेले, गोणपाटावर बसले आणि चौघींची नावं आडनावांसकट उतरून घेतली. सगळ्यात धाकटीनं तिचं नाव माझ्या हातातून पेन घेऊन स्वतःच लिहिलं. कागदाचा फोटो कवीला पाठवला.