लाडका क्लोन रुसला

आमच्याकडे कोंबडीखाद्यात घालायचं फायटेज नावाचं एन्झाइम बनतं. मका-सोयाबीनमधला बराचसा फॉस्फरस फायटेट नावाच्या संयुगात अडकलेला असतो, कोंबडीला तो धड पचत नाही. फायटेज तो मोकळा करतं. मूळ जनुक ई. कोलाय या जिवाणूचं, पण एन्झाइम बनवायचं काम पिकिया यीस्टकडे.

जनुकाच्या प्रती वाढल्या की एन्झाइमही वाढणार, या हिशेबाने झिओसिनचा डोस चढवत क्लोन, म्हणजे एकेका पेशीपासून वाढवलेले यीस्टचे वाण, निवडले होते. (झिओसिन हे यीस्ट मारणारं औषध; त्याला तोंड देणारं जनुक फायटेजच्या जनुकासोबतच घातलेलं असतं, म्हणून जास्त प्रतीवाले जास्त डोसात तगतात.) एकात दहाच्या वर प्रती निघाल्या. डीप-वेल प्लेटमध्येही (छोट्या खोल खळग्यांच्या चाचणी-ताटलीत) तोच पहिला आला, त्यामुळे सगळ्यांचा जीव त्याच्यावर. तुलनेला म्हणून तीन प्रतींचा एक क्लोन शेजारच्या फर्मेंटरमध्ये लावला.

३० अंश, पीएच ५. आधीचं खाद्य ग्लिसरॉल संपून डीओ (द्रवात विरघळलेला ऑक्सिजन) उसळला की मिथेनॉलचं फीड सुरू. आमचं जनुक चालू करणारा स्विच म्हणजे एओएक्स१ प्रमोटर, त्याला तेच लागतं. इथवर दोन्ही टाक्या सारख्याच चालल्या होत्या.

सकाळी पोचले तर रात्रपाळीचे काका वाटच पाहत होते. "मॅडम, तुमचा लाडका रुसलाय. फीड बंद केलं तरी डीओ वर येत नाही."

म्हणजे मिथेनॉल साचलंय, यीस्ट ते फीडच्या वेगाने खात नाही; साठा उरलाय म्हणून ऑक्सिजनचा वापर थांबत नाही. काकांना यातलं माझ्याआधी कळतं, हे मी मुकाट्याने मान्य केलंय.

सॅम्पल सेंट्रिफ्यूज करून वरच्या द्रवाची मोलिब्डेट-व्हॅनाडेट चाचणी लावली. एन्झाइमने जितका फॉस्फेट मोकळा केला, तितका रंग पिवळा. तीन प्रतीवाला गर्द पिवळा, लाडका फिक्कट. मग एन्झाइम गेलं कुठे? पेशी काचमण्यांनी फोडल्या, ब्लॉट (प्रथिन ओळखायची चाचणी) केला. पट्टा ठळक होता, पण पेशींच्या आत!

या फायटेजमध्ये चार डायसल्फाइड बंध असतात. ते जुळून घडी नीट बसल्याशिवाय प्रथिन एन्डोप्लाझ्मिक रेटिक्युलममधून, म्हणजे पेशीतल्या घडी घालायच्या कप्प्यातून, पुढे सरकत नाही. दहा प्रतींचा माल एकदम आला आणि तिथेच तुंबला. त्या ताणाने पेशीही मंदावली. प्लेटमध्ये हे दिसलं नाही, कारण तिथे वाढ बेताची आणि मिथेनॉल थोडं थोडं दिलेलं.

सरांना तरी प्रती वाढवूनच बघायच्या होत्या. बराच वाद झाला. शेवटी तीन प्रतींच्या क्लोनमध्येच पीडीआय या प्रथिनाचं जनुक घालायचं ठरलं, कारण डायसल्फाइड बंध जुळवायचं काम त्याचंच. तो स्ट्रेन पुढे त्याच फर्मेंटरमध्ये मूळ तीन प्रतीवाल्याच्या वर गेला. आता घडी घालायची यंत्रणा वाढवणारं एचएसी१ही घालून बघतोय, आणि निवडीसाठी प्लेटचे आकडे एकटे धरत नाही.