सव्वासहा मिलीसेकंद

उत्तरायणाला, म्हणजे गुजरातच्या पतंगांच्या संक्रांतीला, ऑन-कॉल (सुट्टीतही बिघाड बघायला हजर) कोण? ज्याला पतंग उडवता येत नाही तो. म्हणजे मी. बडोद्यात दांडिया बाजारातल्या घराच्या गच्चीवर, टाकीच्या सावलीत लॅपटॉप घेऊन बसलो होतो. बिलं काढणारी आमची सेवा अडखळत होती. एरवी 5 मिलीसेकंदांत येणारं उत्तर मधूनच 80-90 लावत होतं. मॅनेजरसाहेबांचा फोन : "मशीन दहा टक्केपण वापरात नाही. थ्रेड वाढव." थ्रेड म्हणजे प्रोग्रामात एकाच वेळी चालणारे कामाचे धागे. यांचं औषध ठरलेलं.

आधी मलाही वाटलं, थ्रेडची अदलाबदलच जास्त होतेय. पण कोअरवरचा, म्हणजे प्रोसेसरमधल्या एका गणकावरचा, एक थ्रेड उतरवून दुसरा चढवायचा म्हणजे एकाचे रजिस्टर (हातातले आकडे) जपून ठेवायचे, स्टॅक (अर्धवट कामांची चळत) बदलायचा, दुसऱ्याचे भरायचे. काही मायक्रोसेकंदांचा मामला. कॅश (कोअरजवळची जलद मेमरी) थंड पडते ती धरली तरी 90 मिलीसेकंदांचा हिशेब लागेना. शिवाय उशीर कधी 20, कधी 70, पण 95च्या पुढे जवळजवळ नाहीच. कोणीतरी घड्याळ लावून अडवावं तसं.

शेजारच्या गच्चीवर "काप्यो छे!" चालू असताना मी आमच्या कंटेनरची, म्हणजे सेवा ज्या मर्यादा घातलेल्या कप्प्यात चालते त्याची, सीपीयू.स्टॅट फाइल उघडली. एनआर_थ्रॉटल्डचा, म्हणजे कंटेनरला किती वेळा रोखलं त्याचा, आकडा डोळ्यांदेखत चढत होता. मशीनला 32 कोअर, आमच्या कंटेनरला मुभा दोनच कोअरची. लिनक्स ही मुभा वेळेत मोजतं : दोन कोअर, म्हणून दर 100 मिलीसेकंदांना 200 मिलीसेकंदांचा शिधा. त्याच कंटेनरमधलं रिपोर्टचं काम 32 थ्रेड घेऊन एकदम तुटून पडायचं आणि सव्वासहा मिलीसेकंदांत शिधा फस्त. मग उरलेले पावणेचौऱ्याण्णव सगळेच खाली बसलेले. ज्याला जेमतेम एक मिलीसेकंद हवा होता, तो बिलाचा थ्रेडसुद्धा. मशीनचे बाकीचे कोअर रिकामेच, म्हणून ग्राफ कसा गोंडस दिसत होता!

रिपोर्टच्या कोडमधली "जितके कोअर तितके थ्रेड" ही ओळ दिवाळीआधी मीच लिहिली होती. कोड तपासताना टीममधल्या नव्या मुलीनं विचारलंही होतं, "दादा, हे कोअर मशीनचे की आपले?" "चालतं गं," म्हणून मी पुढे गेलो.

रिपोर्टचे थ्रेड 32चा 1 केला. बिलं तासाभरात सुरळीत. "कमी करून वेग कसा वाढला?" हे साहेबांना समजावेपर्यंत आईनं आणून ठेवलेला उंधियू गार झाला.

रिपोर्टला आता दुप्पट वेळ लागतो, त्याची तक्रार माझ्याच नावावर पडली आहे. शिधा वाढवून मागितला, तर मशीन सांभाळणाऱ्या इन्फ्रावाल्यांनी तोच दहा टक्क्यांचा ग्राफ पाठवला. त्या मुलीला मात्र अजून काही बोललेलो नाही. रोज चहाला भेटते.