पेरणीची उचल

लश्करगाह (हेलमंद प्रांत, अफगाणिस्तान), २९ मार्च २०१४

उद्या नाद अलीला निघणाऱ्या पाहणी पथकाला मी संध्याकाळी थांबवलं. कारणाच्या रकान्यात ‘पोलीस बळ अपुरं’ एवढंच लिहिलं. ५ एप्रिलला अध्यक्षपदाची निवडणूक आहे आणि हेलमंदमधला जो तो शिपाई मतदान केंद्राच्या बंदोबस्ताला लागलाय. अफूचं शेत मोडायला ट्रॅक्टर घालायचा तर भोवती पहाऱ्याची किमान दोन कडी हवीत, एक पथकाजवळ आणि एक कालव्याच्या रस्त्यावर. बाहेरच्या कड्याला माणसंच नाहीत. पथकप्रमुख चिडला. त्याचंही बरोबर आहे. पाकळ्या गळायला लागल्यात, थोड्याच दिवसांत बोंडं चिरायला घेतील, आणि एकदा चीक निघाला की शेत मोडून उपयोग काय?

माझं काम घरी कुणाला नीट सांगता येत नाही, म्हणून इथे लिहून ठेवतो. गव्हर्नरची माणसं ट्रॅक्टर आणि काठ्या घेऊन अफूची उभी शेतं मोडतात. त्यांच्या मागोमाग पाहणीदार जातात, जीपीएसवर मोडलेल्या शेताची मापं घेतात, फोटो काढतात. पुढे तीच मापं उपग्रहाच्या छायाचित्रांशी ताडून बघतात, कारण मोडलेल्या हेक्टरमागे प्रांताला डॉलर मिळतात आणि आकडा फुगवायचा मोह सगळ्यांनाच असतो. या पाहणीदारांनी कुठे जावं, कुठल्या रस्त्यानं जावं, कधी परतावं आणि कधी जाऊच नये, हे मी सांगतो. हातात शस्त्र नाही, मागे कंपनी नाही. फौजेत होतो तेव्हा हुकूम दिला की काम व्हायचं. इथे मी सल्लागार. माझं म्हणणं पटवून द्यावं लागतं, आणि समोरचा रोज वेगळा.

नियम जुनेच आहेत. गेलेल्या वाटेनं परतायचं नाही. कालव्याची मोरी दिसली की गाडी लांब उभी करायची, कारण बॉम्ब पुरायला मोरीसारखी जागा नाही. पिवळा तेलाचा डबा रस्त्याकडेला दिसला की थांबायचं. त्यात घरगुती स्फोटक भरतात आणि वजन पडलं की स्फोट घडवणारी दाबपट्टी लाकडाची करतात, म्हणजे डिटेक्टरला धातूच सापडत नाही. शेतकऱ्यानं शेतात पाणी सोडून ठेवलं असेल तर ट्रॅक्टर आत घालू द्यायचा नाही. रुतलेला ट्रॅक्टर आणि त्याच्याभोवती गोळा झालेली माणसं म्हणजे बंदूकवाल्याला आयतं निशाण.

गेल्या वर्षी या देशात २,०९,००० हेक्टरवर अफू होती. मोडली ७,३४८ हेक्टर. त्या मोडणीत १४३ माणसं मेली. म्हणजे दर पन्नास-एक हेक्टरमागे एक माणूस. बहुतेक सगळे अफगाण, त्यात पोलीस पुष्कळ. गावाकडे पन्नास हेक्टर म्हणजे दोन-तीन शिवारांचा तुकडा. आमच्या सातारा जिल्ह्यात एकेका गावातून किती पिढ्या फौजेत गेल्या, मरणाचा हिशेब आम्हाला नवा नाही. पण एवढ्याशा जमिनीसाठी एक माणूस, हा हिशेब माझ्या डोक्यातून जात नाही.

लश्करगाह, १३ एप्रिल

निवडणूक बरी पार पडली. आज शहरालगतच्या एका शेतावर थांबलो होतो. मोडायला नाही, नुसतं रस्ता बघायला. चिरणी चालू होती.

हे काम एकदा तरी जवळून बघावं. लाकडी मुठीला चार-पाच बारीक पाती बसवलेली असतात, तिला इथे नेश्तर म्हणतात. दुपारनंतर माणूस एकेक बोंड बोटांत धरतो, वरून खाली ओरखडा काढतो आणि मागे मागे सरकत जातो, चिरलेल्या बोंडांना अंग घासायला नको म्हणून. रात्रभर पांढरा चीक पाझरतो, तपकिरी होतो, आणि सकाळी ऊन चढायच्या आत तो खरवडून घेतात. एकेक बोंड तीन-चार वेळा चिरतात. हात इतका हलका लागतो की जास्त खोल गेलं तर चीक आतच उतरतो आणि बोंड वाया जातं. कंदाहार, उरुझगानकडून मजुरांच्या टोळ्या येतात. लढणारी पोरंही बंदूक ठेवून चिरणीला जातात, म्हणून हे दिवस त्यातल्या त्यात शांत. माझ्या जोखमीच्या तक्त्यावर एप्रिलचा उत्तरार्ध हिरवा आणि मेचा शेवट लाल असतो, त्याचं कारण हेच. हंगाम संपला की मजुरी खिशात, हात मोकळे.

शेताच्या बांधावर एक म्हातारा बसला होता. आमचा दुभाषा पेशावरच्या निर्वासित छावणीत वाढलेला, त्यामुळे त्याच्याशी माझं उर्दूत छान चालतं. त्यानं म्हाताऱ्याला विचारलं, पीक कसं आहे. म्हातारा म्हणाला, पीक चांगलं आहे पण माझं नाही. पेरणीच्या वेळीच विकलं.

याला इथे ‘सलाम’ म्हणतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरात पेरणी होते, तेव्हा घरात धान्य नसतं. व्यापारी येतो, चार-पाच किलो अफूचे पैसे आगाऊ देतो, भाव निम्म्याच्या आसपास लावतो. वसंतात तेवढी अफू द्यायची. ऊसतोडीला जाणारी जोडपी मुकादमाकडून उचल घेतात आणि मग हंगामभर अंगातून फेडतात, तसंच हे. फरक इतकाच की इथली उचल पैशात मोजत नाहीत, अफूच्या वजनात मोजतात. गहू लावतो म्हटलं तर गव्हावर कुणी आगाऊ देत नाही. व्यापाऱ्याला गहू नको आहे.

मग त्या शेतात ट्रॅक्टर गेला की काय होतं? पीक जातं, उचल राहते. पुढच्या वर्षी दुप्पट अफू द्यायची. ते नाही जमलं तर जमीन गहाण. तेही नाही जमलं तर मुलगी. मुलगी देऊन कर्ज फेडल्याच्या गोष्टी मी सुरुवातीला ऐकीव समजत होतो. आज म्हाताऱ्यानं एका घराकडे बोट दाखवलं आणि दुभाषा गप्प झाला. त्यानं भाषांतर केलं नाही, मीही आग्रह धरला नाही.

आणि मोडतात कुणाचं? ज्याचं पोलिसात किंवा गव्हर्नरच्या कचेरीत कुणी आहे, त्याच्या बांधापाशी ट्रॅक्टर वळतो. ज्याचं कुणी नाही, त्याच्या शेतात शिरतो. हे मी नकाशावर बघितलंय. मोडलेल्या तुकड्यांवर टाचण्या लावल्या तर त्या रस्त्यापासून दूर, कालव्याच्या शेपटाला, वाटेकऱ्यांच्या वस्तीजवळ गर्दी करतात. पथकांवर गोळीबार झालेल्या जागांच्या टाचण्याही तिथेच. वरच्या कचेरीत याला ‘तालिबानचा प्रभाव असलेला भाग’ म्हणतात. तालिबान आहेतच, अफूवर उश्र, म्हणजे पिकाचा दहावा हिस्सा, घेतात, त्याबद्दल मला शंका नाही. पण ज्याचं सगळं पीक उचलीत बांधलेलं आहे तो माणूस, तालिबान असोत वा नसोत, ट्रॅक्टरसमोर उभा राहणारच. त्याला दुसरी जागाच नाही.

म्हणून आज रात्री जोखमीच्या नमुन्यात एक ओळ माझ्या अखत्यारीत वाढवली: या शिवारात किती घरांनी उचल घेतली आहे? बख्तरबंद गाडी, जॅमर, हेलिकॉप्टर यांच्या ओळींच्या वर. मुख्यालय काय म्हणेल ते बघू. माझ्या मते पथकाच्या जिवाशी सगळ्यात जवळचा प्रश्न हाच आहे.

गव्हाचा प्रयोग इथे होऊन गेलाय. २००८ पासून गव्हर्नर गुलाब मंगल यांच्या काळात कालव्याखालच्या पट्ट्यात बी-खत वाटलं आणि अफूला बंदी केली. आकडे उतरले, कौतुक झालं. पण एक हेक्टर अफूला साडेतीनशेच्या आसपास मजूरदिवस लागतात आणि गव्हाला फार तर त्याच्या पाचव्या हिश्शाइतके. जमीनमालकाला वाटेकऱ्याची गरजच उरली नाही. मग ते लोक बोघ्रा कालव्याच्या उत्तरेला वाळवंटात गेले, विंधनविहिरी घेतल्या, डिझेल पंप बसवले, आणि कर्ज फेडायला एकच पीक होतं ते लावलं. आज टेकाडावरून दुर्बिणीतून बघितलं तर वाळूत हिरवे चौकोन दिसतात. तिकडे मी अजून एकाही पथकाला पाठवलेलं नाही.

काबूल, २४ मे

काल हेरातमध्ये आपल्या वाणिज्य दूतावासावर हल्ला झाला. आयटीबीपीच्या जवानांनी परतवला. रात्रभर फोन. आई म्हणते, “पुरे झालं आता, ये घरी.” हिनं काहीच म्हटलं नाही, फक्त विचारलं, “अहो, तुमच्या खिडक्यांना ती फिल्म लावलीय ना?” जानेवारीत इथल्या लेबनीज उपाहारगृहात एकवीस जण मारले गेले तेव्हा मीच तिला स्फोटाने काचा उडू नयेत म्हणून लावतात त्या फिल्मबद्दल सांगितलं होतं.

आज कामासाठी पुल-ए-सोख्तावरून गेलो. पुलाखाली माणसं अंगावर चादरी ओढून, घोळक्याने धूर घेत बसलेली. बाजूनं मुलं शाळेला चाललेली. या देशात दहा लाखांच्या आसपास व्यसनी आहेत असं २००९ ची पाहणी सांगते. मी ज्या म्हाताऱ्याची बाजू घेतो त्याच्याच शेतातला चीक इथे पोचतो, हे मला माहीत आहे. म्हणून तर हे काम सोडवत नाही. अफू थांबायलाच हवी. ज्याच्या अंगावरून ट्रॅक्टर फिरवून ती थांबवायचा प्रयत्न चाललाय, त्याच्यापाशी ती थांबत नाही, एवढंच मला रोज दिसतं. अफूचं हेरॉइन करायला अॅसेटिक अॅनहायड्राइड लागतं. ते या देशात बनत नाही, बाहेरून ट्रकनं येतं. एक ट्रक सीमेवर अडवला तर किती शेतांचं काम होईल! तिथे माझ्यासारखे सल्लागार कमी आणि इथे जास्त.

पुणे, ८ नोव्हेंबर २०२३

दिवाळीची तयारी चालू आहे. अनारशांचं पीठ तयार आहे, खसखस संपली म्हणून मला पाठवलं. दुकानदारानं भाव सांगितला आणि मी पुडी हातात घेऊन जरा वेळ उभाच राहिलो. तेच झाड. नीमच-मंदसौरकडे केंद्राच्या परवान्यावर अफू पिकते; चीक सरकारला मोजून द्यायचा, खसखस बाजारात विकायची. तिथला शेतकरी परवाना जाईल म्हणून घाबरतो, पण त्याच्या शेतात रात्री कुणी बॉम्ब पुरत नाही.

याच आठवड्यात संयुक्त राष्ट्रांचा अहवाल आला. तालिबानच्या एप्रिल २०२२ च्या बंदीनंतर अफूखालचं क्षेत्र २,३३,००० हेक्टरवरून १०,८०० वर आलं. पंच्याण्णव टक्के घट. आम्ही एवढी वर्षं, एवढ्या माणसांचे जीव घालून जे करू शकलो नाही, ते एका हंगामात झालं. जुन्या सहकाऱ्यांच्या गटात कुणी अभिनंदनाचे संदेश टाकतंय, कुणी हळहळतंय.

मी त्याच अहवालातला दुसरा आकडा बघत बसलो. शेतकऱ्यांना अफूच्या विक्रीतून मिळणारं उत्पन्न १३६ कोटी डॉलरवरून ११ कोटींवर आलं. हे सव्वाशे कोटी कुणाच्या घरातून गेले? ज्याच्याकडे जमीन होती आणि कोठीत जुनी अफू होती, त्याचं या बंदीत भलं झालं, कारण भाव कडाडले. ज्यानं पेरणीला उचल घेतली होती, त्याच्याकडे कोठीत काही नव्हतं. मुल्ला ओमरनं २००० साली बंदी घातली तेव्हाही असंच झालं होतं. पुढच्या वर्षी भाव दहापटीच्या आसपास गेला आणि वजनात घेतलेलं कर्जही तेवढंच वाढलं.

आणि कोठ्यांतला माल बंद झालेला नाही. २०२० च्या ऑगस्टमध्ये आपल्या न्हावा-शेवा बंदरात १९१ किलो हेरॉइन सापडलं, बांबूसारख्या रंगवलेल्या नळ्यांत, आयुर्वेदिक औषध म्हणून. त्याच्या पुढच्या वर्षी मुंद्र्याला जवळजवळ तीन हजार किलो, शंखजिऱ्याच्या नावाखाली. दोन्ही अफगाणिस्तानातून इराणमार्गे. हे पकडणाऱ्यांनी एकाही शेतात पाऊल ठेवलं नव्हतं.

संध्याकाळी दुभाष्याचा फोन आला. तो आता कॅनडात आहे, अजूनही “मेजर साहिब” म्हणतो. त्याच्या मामेभावानं बंदीच्या आधीच्या पेरणीला सात किलोची उचल घेतली होती. मी भाव विचारला, त्यानं सांगितला, आणि आम्ही दोघांनी फोनवरच गुणाकार केला. मामेभावाचा थोरला निमरोझमार्गे इराणला गेलाय, बांधकामावर. धाकटा अजून लहान आहे. मुलीबद्दल मी विचारलं नाही.

पुणे, १२ मे २०२४

बदख्शानात दरायिम आणि अर्गू जिल्ह्यांत तालिबानचं पथक अफू मोडायला गेलं, शेतकरी समोर उभे राहिले, गोळ्या चालल्या, माणसं मेली. राज्य बदललं, वर्दी बदलली, पथक तेच करतंय आणि शेतकरीही तेच. तिथली पेरणी उशिरा होते, डोंगरात हंगाम मागे असतो, म्हणजे पीक अजून हाती आलेलं नसणार आणि घरातलं सगळं खर्चून झालं असणार.

नव्यानं या कामाला निघालेला आपला एक अधिकारी, सोलापूरकडचा, उद्या भेटायला येतोय. त्याला लाओसकडे बोलावणं आलंय. त्यानं यादी पाठवली आहे: जॅकेट कुठलं घ्यावं, सॅटेलाइट फोन कुठला, विमा कसा. ते सांगतोच. पण त्याआधी माझा जुना नमुना काढून ठेवलाय. त्यातली ती वाढवलेली ओळ मुख्यालयानं पुढच्याच छपाईत वगळली होती. ती त्याला हातानं लिहून देणार आहे, आणि सोबत हेही, की आकडा गावातल्या मुखियाला विचारू नये, चिरणीला आलेल्या मजुरांना विचारावा. त्यांना मजुरी कोण देणार हे माहीत असतं, म्हणून पीक कुणाचं आहे तेही माहीत असतं.