हलगी तापली की चढते

अण्णांनी डब्याचं झाकण उघडलं, दोन मिनिटं न्याहाळलं आणि विचारलं, "ह्याला ऑटो हाय का?"

चूक त्यांची नाही. पत्र्याची पेटी, ओळीनं बटणं, मिणमिणते लाल-हिरवे दिवे आणि बाहेर लोंबणाऱ्या वायरी. आमच्या बोअरवरचा स्टार्टर दिसायला थोडाफार असाच आहे. फक्त हा स्टार्टर बर्लिनहून आला होता, त्यातला एक भाग मी डिझाइन केला होता आणि त्यातून पाणी नाही, सूर निघतो.

बर्लिनला जाऊन मला वर्ष झालं. गावात कुणी विचारलं की आई "कंपनीत हाय" एवढंच सांगते, कारण पुढचं सांगायचं म्हणजे पंचाईत. तर ज्यांना खरंच जाणून घ्यायचंय त्यांच्यासाठी सांगतो. आमची सात माणसांची छोटी कंपनी मॉड्युलर सिंथेसायझरचे भाग बनवते. दुकानात मिळणारा कीबोर्ड आणि हे यांत फरक असा, की कीबोर्डात सगळं आत बांधलेलं असतं. इथं आवाज काढणारा भाग वेगळा, तो गाळणारा फिल्टर वेगळा, कमीजास्त करणारा वेगळा. काय कशाला जोडायचं ते वाजवणाऱ्यानं ठरवायचं, वायरी घालून. वेगवेगळ्या कंपन्यांचे भाग एकाच पेटीत बसतात. म्युनिकजवळच्या डीटर डोएप्फर यांनी नव्वदच्या दशकात एक माप धरलं, पट्टीची उंची १२८.५ मिलिमीटर, आणि पुढे जगभरच्या लहानमोठ्या कारागिरांनी तेच उचललं. त्याला युरोरॅक म्हणतात.

ह्यात सूर म्हणजे व्होल्टेज. एक व्होल्ट वाढवला की आवाज बरोबर एक सप्तक वर जायला हवा. सप्तकात बारा स्वर, म्हणजे एकेका स्वराच्या वाट्याला ८३ मिलिव्होल्टच्या आसपास येतात. एवढ्याशा फरकावर सगळा खेळ. इंजिनिअरिंगला असताना ट्रान्झिस्टर पाठ करून पास झालो होतो, त्याचा खरा अर्थ इथं येऊन कळला.

वर्षातला निम्मा वेळ टेबलावर गेला, पण उरलेला निम्मा मी मनसोक्त उधळला. बर्लिन फिलहार्मोनीच्या इमारतीत दुपारी एक वाजता फुकट मैफल असते. मैफल मुख्य सभागृहात नाही, बाहेरच्या दालनात. लोक जिन्याच्या पायऱ्यांवर, जमिनीवर, जागा मिळेल तिथं बसतात. पहिल्यांदा गेलो तेव्हा एका चेलोवाल्यानं अशी काही जागा घेतली की माझ्या तोंडून मोठ्यानं "वा!" निघून गेलं. दहा माना वळल्या. एक आजी मात्र हसल्या. तिथं दाद शेवटी, एकगठ्ठा द्यायची. मधे खोकलासुद्धा राखून ठेवतात. पुढे तिकीट काढून मुख्य सभागृहातही गेलो. १९६३ साली हान्स शारून यांनी बांधलेलं. वादक मधे आणि लोक चहूबाजूंनी चढत्या पायऱ्यांवर. आपल्या जत्रेत कुस्तीच्या हौदाभोवती बसतात, अगदी तसं. मला परकं वाटलं नाही ते त्यामुळेच असावं.

शेजारीच वाद्यांचं संग्रहालय आहे, तिथं मी चार वेळा गेलो, चारही वेळा एकाच वाद्यासाठी. ट्राउटोनियम. १९३० साली ह्याच शहरात फ्रीडरिश ट्राउटवाइन यांनी काढलेलं विजेचं वाद्य. पट्ट्या नाहीत, एक ताणलेली तार. ती बोटानं खालच्या धातूच्या पट्टीवर दाबायची, बोट सरकेल तसा सूर सरकतो. म्हणजे मींड! आपल्या बाजाच्या पेटीला जी कधी जमली नाही ती ह्या जर्मन यंत्राला जन्मतःच येते. ओस्कार झाला (Oskar Sala) नावाच्या माणसानं अख्खं आयुष्य ह्याच वाद्याला वाहिलं. हिचकॉकच्या ‘द बर्ड्स’मधला पक्ष्यांचा कलकलाट त्यांनी ह्याच्याच भावंडावर काढला. खरे पक्षी इतके भेसूर ओरडत नाहीत.

मेमध्ये सुपरबूथ नावाची आमच्या धंद्याची जत्रा भरते, शहराच्या एका टोकाच्या झाडीत. आमच्या टेबलावर माझा ऑसिलेटर, म्हणजे आवाज काढणारा भाग, दिवसभर वाजला, लोकांनी फोटो काढले, नावं घेतली. मी हवेत. तसाच तो पिशवीत टाकला आणि सुट्टीला घरी आलो. औशाजवळच्या आमच्या गावात, मेच्या मध्यावर.

त्या दिवशी पारा बेचाळीसला होता. लाईट दुपारी गेलेली, चारला आली. अण्णा भजनी मंडळात तीस वर्षं पेटी धरतात. म्हणाले, लाव तुझं, काळी चार. मी खालचा सा पेटीशी जुळवला. एकजीव. मग एक व्होल्ट वाढवून वरचा सा लावला. अण्णांनी डोळे मिटले, उघडले.

"खालचा बरोबर हाय. वरचा उतरलाय."

"अण्णा, मशीन आहे ते."

"मशीन असंल. उतरलाय."

आणखी एक सप्तक वर गेलो तर फरक चांगला दीड स्वरांचा. आता आमची लहान भाचीही दात काढायला लागली.

कारण मला त्याच क्षणी कळलं आणि कान तापले. ट्रान्झिस्टर तापला की व्होल्टला प्रतिसाद कमी देतो, अंशाला साधारण एक तृतीयांश टक्का. ते भरून काढायला उष्णतेबरोबर वाढणारा एक खास रेझिस्टर लावतात, टेम्पको. बोर्ड जोडत होतो त्या दिवशी तो ड्रॉवरमध्ये नव्हता. साधा रेझिस्टर चिकटवला, म्हटलं नंतर बदलू. बर्लिनच्या खोलीत बाराही महिने बावीस अंश. ती "नंतर" आलीच नाही. वीस अंशांचा फरक पडला आणि प्रत्येक सप्तकात पाऊण स्वर गळाला. वरचा सा शुद्ध नीच्या अंगावर रेलला.

संध्याकाळी भावकीत लग्न होतं. हलगीवाले मांडवाबाहेर पाचट पेटवून बसले होते. त्यातला म्हातारा हलगी जाळावर धरायचा, फिरवायचा, बोटानं टिचकी मारून कान द्यायचा. बद्द. पुन्हा जाळावर. तिसऱ्यांदा टिचकी मारली तेव्हा कडाड्‌ असा आवाज आला की मांडवातली पोरं वळून बघायला लागली. कातड्यातली ओल गेली, ताण वाढला. अण्णा माझ्या शेजारी उभे होते.

"बघ," म्हणाले, "हलगी तापली की चढते. तुजं तापलं की उतरतंय. उलटंच केलंस की रे समदं."

त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. जेवायला गेलो.

बर्लिनला परतल्यावर पहिल्या दिवशी टेम्पको बसवला, ट्रान्झिस्टरच्या जोडीला अगदी चिकटून, मधे उष्णता नेणारी पेस्ट लावून. मग सगळं एका खोक्यात घातलं, भोकातून केस वाळवायचं यंत्र सोडलं आणि थर्मामीटर बेचाळीसवर जाईपर्यंत थांबलो. पलीकडच्या टेबलावरच्या पोरीनं विचारलं, हे काय चाललंय? म्हटलं, मे महिना.

सूर हलला नाही. रात्री अण्णांना व्हॉट्सॲपवर ऐकवला. खालचा सा, वरचा, त्याच्या वरचा. त्यांनी फोन ह्या कानाचा त्या कानाला लावला.

"फोनवरचं मला कळत नाही," म्हणाले. "घिऊन ये. मेमधीच ये पण, दिवाळीला नको."