ही बातमी कोणी आणली?

स्मरणिकेसाठी मनोगत पाठवा असा मेसेज ग्रुपवर आला तेव्हाच ठरवलं की वडाचं झाड, प्रार्थना, मधल्या सुट्टीतल्या बोरं-चिंचा यावर आपण लिहायचं नाही, ते बाकीचे लिहितीलच, आमच्या ९१ च्या बॅचमध्ये कवींची कमी नाही. मी आपला इतिहासाच्या तासाबद्दल लिहितो. आणि विषय थोडा लांबचा आहे, थेट अमेरिकेतला, तेव्हा संपादकांनी सांभाळून घ्यावं.

आमच्या सरांची एक खोड होती. लढाई शिकवून झाली, सनावळ्या फळ्यावर आल्या, आम्ही वह्या मिटायला लागलो की सर खडू ठेवायचे आणि विचारायचे, "ही बातमी कोणी आणली?" म्हणजे सुरतेची लूट, १६६४, पाठ आहे, बहिर्जी नाईक हे नावही सगळ्यांना पाठ, पण सर म्हणायचे, नुसतं नाव लिहून मार्क मिळतील रे, पण तो सुरतेत कोण म्हणून राहिला असेल, निरोप कोणाच्या हाती धाडला असेल, आणि आलेला निरोप खरा आहे हे महाराजांनी कशावरून ठरवलं असेल ते सांग. मागच्या बेंचवरून "घोड्यावरून" असं उत्तर यायचं आणि तास संपायचा.

अमेरिकेचं स्वातंत्र्ययुद्ध आम्हाला पानभर होतं. बोस्टनच्या बंदरात चहाच्या पेट्या बुडवल्या, ४ जुलै १७७६, जॉर्ज वॉशिंग्टन, संपलं. सरांनी तिथंही तोच प्रश्न टाकला आणि शाळेच्या लायब्ररीत त्याचं उत्तर देणारं पुस्तक काही नव्हतं. पुढे नोकरीनं मला न्यू जर्सीत आणून टाकलं, ट्रेंटन आणि प्रिन्स्टन म्हणजे घरापासून गाडीनं जाण्यासारखं अंतर, तेव्हा जुनी उधारी फेडायची संधी आपोआपच मिळाली.

तर पहिली गोष्ट ही की वॉशिंग्टन सुरुवातीला या बाबतीत फार हुशार नव्हता. पैसे तो पहिल्यापासून खर्च करत होता, जुलै १७७५ च्या त्याच्या हिशोबात ३३३ डॉलर आणि वर एक तृतीयांश अशी रक्कम एका माणसाला बोस्टन शहरात जाऊन गुप्त पत्रव्यवहार सुरू करायला दिल्याची नोंद आहे, आणि त्या माणसाच्या नावाची जागा चक्क कोरी सोडलीय (ऑडिटवाल्यांनी आज काय केलं असतं देव जाणे). पण न्यूयॉर्कला सगळंच फसलं. २७ ऑगस्ट १७७६, लाँग आयलंडची लढाई. टेकड्यांच्या रांगेतून यायला खिंडी होत्या, जवळच्या खिंडींवर फौज उभी केली आणि लांबची जमैका खिंड राखायला घोड्यावरचे फक्त पाच अधिकारी. ब्रिटिशांनी तिथलेच वाटाडे घेतले, सुमारे १०,००० माणूस रात्रीतून त्या खिंडीतनं आणला, त्या पाच जणांना आवाज न करता पकडलं आणि सकाळी अमेरिकन फौजेच्या पाठीशी येऊन उभे राहिले. आपल्याकडे खिंड म्हटलं की काय आठवतं ते सांगायला नको, इथं नेमकं उलटं झालं. दोन रात्रींनी वॉशिंग्टननं मार्बलहेडच्या कोळ्यांच्या हातात वल्ही देऊन सुमारे ९,००० माणसं धुक्यातून नदीपार काढली म्हणून वाचला, नाहीतर युद्ध तिथंच आटोपलं होतं.

मग थॉमस नोल्टन. हा मला सगळ्यात आवडलेला माणूस. कनेक्टिकटचा शेतकरी, तरुणपणी फ्रेंचांविरुद्धच्या लढाईत गेलेला, बंकर हिलच्या लढाईत कुंपणाच्या आडोशानं पाय रोवून उभा राहिलेला. त्याला निवडक शे-सव्वाशे माणसं देऊन टेहळणीची तुकडी उभी केली, नोल्टनचे रेंजर्स. अमेरिकन लष्कराच्या गुप्तवार्ता विभागाच्या बोधचिन्हावर १७७६ हे साल आहे ते यांच्यामुळं. १६ सप्टेंबरला पहाटे हार्लेम हाईट्सच्या बाजूला ते शत्रू कुठंवर आलाय ते बघायला निघाले, चकमक झाली, शिस्तीत मागं आले, आणि ब्रिटिशांनी पाठलाग करताना कोल्ह्याच्या शिकारीत वाजवतात तसा बिगुल वाजवला, म्हणजे तुम्ही पळणारी जनावरं आहात असं चिडवायला. वॉशिंग्टननं समोरून हूल द्यायची आणि नोल्टननं वळसा घालून मागून गाठायचं असं ठरलं. पण कुणीतरी घाईनं आधीच गोळी झाडली, त्यामुळं मागून गाठायच्या ऐवजी बाजूनं गाठलं गेलं, आणि सगळ्यात पुढं असलेला नोल्टन त्यात पडला. ब्रिटिश मागं हटले, त्या मोहिमेत अमेरिकन शिपायांनी त्यांची पाठ पहिल्यांदाच बघितली, पण टेहळणीचा मुख्य माणूस गेला. दुसऱ्या दिवशीच्या हुकमात वॉशिंग्टननं त्याचं नाव घेऊन गौरव केलाय.

आता माझं मत सांगतो, पटलं नाही तर मेळाव्यात भांडा. नोल्टन शूर होता यात वादच नाही, पण जो माणूस बातमी गोळा करतो त्यानंच हल्ल्यात सगळ्यात पुढं धावायचं ही त्या फौजेची चैन होती आणि ती तिला परवडणारी नव्हती. त्याच तुकडीतला कॅप्टन नेथन हेल, वय २१, येलमध्ये शिकलेला, मूळचा शाळामास्तर. हेर व्हायला कोण तयार आहे विचारलं तर हा पुढं झाला. सोबत कोणी नाही, सांकेतिक भाषा नाही, निरोप पोचवणारा नाही, शाळामास्तर म्हणूनच लाँग आयलंडला गेला. तो तिकडं फिरतोय तोवर १५ सप्टेंबरला ब्रिटिश मॅनहॅटनवर उतरलेसुद्धा, म्हणजे जी खबर आणायला पाठवला ती शिळी झाली. अंगावर टिपणं सापडली, आणि २२ सप्टेंबरला खटला न चालवता फाशी. आज न्यूयॉर्कला त्याचा पुतळा आहे, सीआयएच्या मुख्यालयात आहे. सरांच्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं तर हेलनं बातमी आणलीच नाही.

ज्यांनी आणली त्यांचे पुतळे सहसा नसतात. हेलचा येलमधला वर्गमित्र बेंजामिन टॅलमॅज, त्यानं १७७८ मध्ये जे जाळं बांधलं त्यात एकही शिपाईगडी वेष पालटून घुसवलेला नव्हता. रॉबर्ट टाऊनसेंड न्यूयॉर्कमधला व्यापारी, दुकान चालवणारा, ब्रिटिश अधिकाऱ्यांत ऊठबस असलेला. ऑस्टिन रो सामान आणायला म्हणून शहरात यायचा आणि पत्र घेऊन पन्नास-पंचावन्न मैलांवरच्या सेटॉकेटला परत. तिथं अब्राहम वुडहल, शेतकरी. मग कॅलेब ब्रूस्टर होडीनं खाडीपलीकडं कनेक्टिकटला, तिथून टॅलमॅज, तिथून वॉशिंग्टन. पत्र अदृश्य शाईत, एका औषधानं लिहायचं, दुसरं लावलं की उमटायचं, ती शाई जेम्स जे नावाच्या डॉक्टरनं बनवलेली. शब्दांना नंबर, एकूण ७६३, त्यात वॉशिंग्टन स्वतः ७११ आणि न्यूयॉर्क ७२७. टाऊनसेंडचं खरं नाव वॉशिंग्टनलाही माहीत नव्हतं, ते जगाला विसाव्या शतकात हस्ताक्षर जुळवून कळलं. विचार करा, सव्वाशे वर्षांहून जास्त काळ गावात कोणाला पत्ता नाही. आमच्या गावात तर रात्रीचं जेवण काय होतं ते सकाळी नळावर कळायचं.

प्रिन्स्टनला मात्र बातमी आणि हिंमत दोन्ही एका जागी आल्या. तिथं ब्रिटिश फौज होती, डिसेंबर १७७६ च्या शेवटी एका तरुणानं त्या शहरातून फिरून येऊन सगळी माहिती सांगितली, कॅडवालेडर नावाच्या अधिकाऱ्यानं त्यावरून नकाशा काढून वॉशिंग्टनला धाडला, त्यात मागच्या बाजूचा पहारा नसलेला रस्ता होता. त्या तरुणाचं नाव कागदावर नाही. २ जानेवारीच्या रात्री ट्रेंटनला शेकोट्या पेटत्या ठेवल्या, तोफांच्या चाकांना चिंध्या गुंडाळल्या आणि फौज त्याच अंगानं निघाली. सकाळी पुढची तुकडी फुटून पळायला लागली तेव्हा वॉशिंग्टन स्वतः घोडा घेऊन दोन्ही फळ्यांच्या मध्ये गेला आणि माणसं वळवून आणली. ते मैदान आजही मोकळं ठेवलंय, मी पोरांना घेऊन जातो, पोरं फ्रिस्बी खेळतात.

आणि जेम्स. व्हर्जिनियातला गुलाम, मालकाचं आडनाव आर्मिस्टेड. १७८१ मध्ये अमेरिकनांच्या बाजूनं लढणारा फ्रेंच सेनापती लाफायत याच्यासाठी तो ब्रिटिश सेनापती कॉर्नवॉलिसच्या छावणीत नोकर म्हणून वावरला, इंग्रजांना इतका भरवशाचा वाटला की त्यांनी उलट त्यालाच अमेरिकनांवर नजर ठेवायला सांगितलं. यॉर्कटाऊनला १९ ऑक्टोबरला कॉर्नवॉलिसच्या फौजेनं हत्यारं खाली ठेवली. नंतर १७८३ मध्ये कायदा झाला की मालकाच्या बदली शिपाई म्हणून लढलेल्या गुलामांना मुक्ती, पण हा शिपाई कुठं होता, हा तर हेर, त्यामुळं बसत नाही. लाफायतनं १७८४ मध्ये सर्टिफिकेट लिहून दिलं, तरी सुटका १७८७ ला. मग त्यानं लाफायत हेच आडनाव घेतलं. स्वातंत्र्याच्या लढाईत ज्यानं बातमी आणली तो सहा वर्षं गुलामच राहिला, हे वाचल्यावर मी बराच वेळ कोणाशी बोललो नव्हतो.

हा कॉर्नवॉलिस पुढं आपल्याकडे आला हे सरांनी सांगितलं होतं, १७८६, गव्हर्नर जनरल. पण खरी गंमत मला उशिरा सापडली. १७९१ चा मे महिना, टिपूवरच्या स्वारीत तो श्रीरंगपट्टणजवळ अडकला, बैल मेले, धान्य संपलं, पाऊस सुरू, वेढ्याच्या मोठ्या तोफा स्वतःच फोडून त्यानं माघार धरली. आणि त्याच वेळी हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन मराठी फौज घेऊन (त्या स्वारीत मराठे इंग्रजांच्या बाजूनं होते) अगदी जवळ आले होते, पण याला खबरच नाही, कारण टिपूच्या स्वारांनी वाटेतला एकूण एक जासूद पकडला होता. मराठी घोडेस्वार दिसले तेव्हा इंग्रजांना वाटलं टिपूचेच आले, बंदुका रोखल्या, मग ओळख पटली. दोन दिवस आधी कळलं असतं तर तोफा वाचल्या असत्या. कळलं नाही ते नाहीच, पण मराठ्यांच्या छावणीतल्या बाजारात धान्य भरपूर होतं, आणि उपाशी गोऱ्यांना ते आपल्या वाण्यांनी चांगल्या चढ्या भावानं विकलं.